कळ रिपोर्टसाठी थांबत नाही

2020च्या एप्रिलमध्ये आयसीएमआरचं पत्रक आलं. बाधित भागातली, पाच दिवसांत बाळंत होऊ शकेल अशी बाई लक्षणं नसली तरी कोरोनासाठी तपासायची. स्वॅब जायचा, रिपोर्ट यायला दिवस लागायचे, आणि कळा तोवर थांबत नाहीत. म्हणून टेबलावर आलेली प्रत्येक बाई पॉझिटिव्हच धरायची आणि पीपीई किट चढवायचं.

किटमधल्या घामाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला त्रास झाला तो वेगळाच. प्रसूतिगृहातल्या आम्हा सिस्टरांचं काम कानांचं आणि बोटांचं. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासानं ऐकायचे, पण टोपडं कानांवर आल्यावर नळी लावायची कुठे? डॉप्लर चालू असला तर निभायचं. पिशवीचं तोंड किती उघडलं हे बोटांना कळतं. दुहेरी हातमोज्यांत चार आणि पाच सेंटिमीटरमधला फरक लागता लागत नव्हता.

पुण्याजवळच्या आमच्या लोणी काळभोरच्या आसपास वीटभट्ट्या, रोपवाटिका. तिथं कामाला आलेली मराठवाड्यातली पहिलटकरीण, सासू फाटकाबाहेर. तिच्याजवळ माणूस म्हणून आम्हीच, आणि आमचं तोंड तिला दिसत नाही. "आता जोर लाव, थांब, श्वास सोड" हे मास्कातून ओरडूनच सांगावं लागे. ओरडलं की पोरीला वाटे, सिस्टर चिडली. ती आणखी आखडायची. नुसत्या भुवया हलवून धीर देता येतो का, हे आम्ही करून पाहिलं. थोडाफार येतो.

बाहेर टाळेबंदीत सोलापूर रस्त्यावरून माणसं बोचकी घेऊन चालत गावाकडं निघालेली, मध्येच तेल डेपोचे टँकर. गुंतागुंत झाली तर 108ची रुग्णवाहिका बोलवायची आणि पुढं बेड आहे का, याचे फोन करत बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते वर्ष परिचारिका आणि सुईणींचं म्हणून जाहीर केलं होतं. आम्हाला ते नंतर कळलं.

घरी दारातच कपडे भिजवणं, मुलांना लांब ठेवणं, हे सगळ्यांनीच केलं. मला झोप लागत नसे ती दुसऱ्याच विचारानं. बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं. त्याच मिनिटात बाळ पुसायचं, ते रडतंय का बघायचं. ही दोन जणींची कामं. बरोबरची विलगीकरणात गेली की दोन्ही एकटीच्या अंगावर, तीही किटात, जिथं कोणाला हाक मारली तरी पलीकडं पोचत नाही. विषाणूपेक्षा मला त्या मिनिटाची धास्ती जास्त होती.

साथी पुन्हा येतील. मास्क आणि किटांचे साठे मोजाल तेव्हा एवढं आधीच लिहून ठेवा: प्रसूतिगृहात एका पाळीला दोघी, आणि त्यातली एक आजारी पडली तर तिच्या जागी येणारी तिसरी कोण, तिचं नाव.