दोन वाव पाणी

वैशाख लागला की पालीच्या घरी आजोबा विहिरीत दोर सोडायचे. (ही पाली बल्लाळेश्वराची नव्हे, रत्नागिरीची, हातखंब्याच्या पुढची. आयुष्यभर हे सांगावं लागतं.) टोकाचा दगड तळाला टेकला की दोर वर ओढायचा आणि ओला भाग दोन्ही हात पसरून छातीवर ताणायचा. एक वाव, दोन वाव. दोन भरले की आजोबा चंची सोडत. कमी भरले की माडांचं शिंपणं बंद.

कॉलेजात मार्क ट्वेन हाती आला आणि मी नावापाशीच अडलो. सॅम्युएल क्लेमेन्स हा तरुणपणी मिसिसिपीवर आगबोट हाकायचा. खोली मोजणारा खलाशी ‘मार्क ट्वेन’ म्हणून ओरडला की समजायचं, दोन वाव पाणी आहे, बारा फूट. बोट खुशाल जाऊ दे. 1863 साली नेवाडातल्या एका वर्तमानपत्रात त्यानं ही आरोळीच सही म्हणून ठोकून दिली. म्हणजे हे तर आमच्या विहिरीवरचं नाव!

आपल्याकडे टोपणनावात घरदार येतं. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले. राम गणेश गडकरी धाकट्या भावावरून गोविंदाग्रज. पण तेच गडकरी विनोद लिहायला बसले की बाळकराम! कविता वडिलांच्या, भावाच्या नावावर खपते. थट्टेची उधारी घरच्यांच्या खात्यावर कोण मांडणार?

पालीवरून गोव्याच्या रस्त्यानं खाली गेलं की वेंगुर्ले तालुक्यात आरवली, जयवंत दळवींचं गाव. मुंबईत नोकरी अमेरिकेच्या माहिती खात्यात, लेखन ‘चक्र’, ‘संध्याछाया’सारखं काळीज कुरतडणारं. आणि ‘ललित’ मासिकात भल्याभल्या साहित्यिकांच्या टोप्या उडवणारा ठणठणपाळ, तोही हाच. नाव गोष्टीतलं: आपलं नाव बदलायला निघालेल्या ठणठणपाळाला वाटेत अमरसिंगाची तिरडी भेटते, शेण गोळा करणारी लक्ष्मी भेटते, भीक मागणारा धनपाल भेटतो, मग तो निमूट घरी परततो. ट्वेनच्या नावात भरलेलं पाणी, दळवींच्या नावात खडखडाट. मला दुसरं अधिक धीट वाटतं.

विहीर तळाला गेली की आजीही ‘ठणठणपाळ’ हाच शब्द वापरायची. गेल्या मे महिन्यात मी दोर सोडून पाहिला. वावभरसुद्धा भिजला नाही.