गिअर नव्हे, वायर

पावसाळा सरला की मावळातल्या घरांतून गंजलेल्या वस्तू बाहेर येऊ लागतात. छत्रीच्या काड्या, दाराचे कोयंडे, शिलाई मशीनचं पायडल. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. या पावसातून गिअरची सायकल सुखरूप सुटणं कठीणच.

आमच्याकडची सायकल मुलाची. जाड टायरची, पुढे तीन चक्रं, मागे सात. मुलगा चाकणला नोकरीला लागला आणि सायकल धाकटीकडे आली. ती लोणावळ्यात अकरावीला आहे. कार्ल्याजवळच्या आमच्या घरापासून कॉलेज आठ-नऊ किलोमीटर. मळवलीहून लोणावळा एकच स्टेशन, पण दुपारी लोकल तुरळक. सायकल असली की तिला कुणाची वाट बघावी लागत नाही.

दिवाळीनंतर गिअर अडू लागले. अंगठा दुखेपर्यंत दाबलं तरी हलका गिअर लागेना. लागला तर परत येईना. वलवणच्या चढाला चेन मध्येच उडी मारायची, आणि जुन्या हमरस्त्यावर मागून ट्रक. तिची फुफी म्हणाली, "भाभी, राहू दे ती सायकल. कुणीतरी सोडत जाईल." हे 'कुणीतरी' कोण? मुलगा शिफ्टला, तिचे अब्बा सकाळीच दुकानात. आठवड्यातून दोन दिवस कॉलेज बुडणार, हे मला तेव्हाच दिसलं. दुरुस्तीवाल्याने सायकल नुसती बघूनच सांगितलं, "गिअर गेलेत, नवी घ्या."

मी वीस वर्षं शिवणकाम करते. मशीनवर धागा तुटू लागला म्हणून कुणी मशीन बदलत नाही. धागा कुठून कुठे जातो आणि वाटेत कुठे अडतो, ते आधी बघायचं असतं. गिअरचंही तसंच निघालं. हँडलवरचा खटका दाबला की एक बारीक पोलादी वायर ओढली जाते आणि मागच्या चाकाजवळचा डिरेलर चेनला मोठ्या चक्रावर ढकलतो. परत येताना मात्र कुणी ओढत नाही. डिरेलरची स्प्रिंगच त्याला मागे आणते. वायर तिच्या नळीत घासत असेल, तर ओढताना जोर लागतो आणि सोडताना स्प्रिंग हरते. दोष वायरचा आणि बदनाम गिअर! नळीतून वायर खेचण्याच्या या युक्तीचं पेटंट अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. सायकलचे ब्रेक आणि स्कूटरचा क्लच याच युक्तीवर चालतात.

खात्री करणं सोपं आहे. मागचं चक्र सर्वांत लहान ठेवून वायर धरणारा बोल्ट सैल केला आणि डिरेलर हाताने आत ढकलून सोडला. तो टणकन परत आला. म्हणजे स्प्रिंग जिवंत होती. नळीतली वायर मात्र कचकच करत सरकत होती. बाहेर काढली तर तपकिरी, आणि खालच्या तोंडाशी तांबडा चिखल भरलेला.

दोन्ही गिअरच्या वायरी, नळी आणि टोकांच्या टोप्या मिळून पाचशेच्या आत आलं. दुकानात 'गिअरचं आउटर' असंच मागावं. ब्रेकच्या नळीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दाबली जाते आणि गिअर नेमका बसत नाही. गिअरच्या नळीत तारा सरळ असतात, म्हणून ती दबत नाही. पण ती ब्रेकला कधीही लावू नये. जोराच्या ब्रेकने फाटू शकते.

रविवारी असरनंतर मायलेकी अंगणात बसलो. जुन्या नळ्या काढण्याआधी लेकीने मोबाइलवर फोटो काढले. जुन्या तुकड्याशेजारी नवा ठेवून तेवढाच कापला. साध्या पकडीने नळीचं तोंड चेपतं, म्हणून शेजारच्या गॅरेजमधून वायर कापायचा कटर आणला. कापल्यावर आतलं प्लास्टिक मिटलं होतं, ते माझ्या दाभणाने उघडलं. टोकांना टोप्या बसवल्या. पायडलच्या आसाखाली वायरची प्लास्टिकची खाच असते, तिथला चिखल जुन्या टूथब्रशने काढला. नवी वायर खटक्यातून घालून हाताने ताणली, बोल्ट आवळला आणि टोक विस्कटू नये म्हणून तिलाही टोपी चेपली.

मग जुळवणी. डिरेलरला नळी शिरते तिथे फिरवायचा एक गोल स्क्रू असतो. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरली, तर तो बाहेरच्या बाजूला अर्धा फेरा. लहान चक्रावर उतरायला रेंगाळली, तर आत अर्धा फेरा. मशीनच्या धाग्याचा ताण आपण असाच थोडा-थोडा जुळवतो. डिरेलरवरच्या दोन छोट्या स्क्रूंना हात लावला नाही. चेन चक्रांबाहेर जाऊ नये म्हणून ते असतात. मगरिबच्या अजानपूर्वी मागचे सातही गिअर एकेका टिचकीत पडू लागले. पुढची वायर दुसऱ्या दिवशी लेकीने एकटीने बदलली.

आठवडाभरात नवी नळी बसते आणि वायर किंचित सैल पडते. तेव्हा स्क्रू पुन्हा थोडा फिरवावा लागला. आता सायकल पडवीत, छपराखाली असते. पुढचा पावसाळा संपला की वायरी पुन्हा तपासायच्या, असं लेकीने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

फुफीला मी काही बोलले नाही. परवा दुपारी ती आमच्याकडे बसली होती. पावणेदोनला अंगणात घंटी वाजली आणि तिनेच उठून दार उघडलं.