रँग्लरांचं कॉलेज

गणितात पैकीच्या पैकी गुण आले की आजोबा पाठीवर थाप मारून म्हणत, "हा आमचा रँग्लर!" ते दापोलीकडचे. तिथल्याच मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. लहानपणी मला एवढीच गोष्ट ठाऊक होती.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये शिकायला आलो आणि तिचा पुढचा भाग कळला. विलायतेहून परतलेला हा माणूस हे कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या वेतनावर राहिला आणि १९०२ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी प्राचार्य झाला. जवळजवळ दोन दशकं कॉलेजचा कारभार त्यांच्या हाती होता. ज्यांच्या आधाराने ते मुंबईत शिकले, ते नात्यातले धोंडो केशव कर्वे त्याच कॉलेजात गणित शिकवत होते. म्हणजे ज्याला वाढवलं, त्याच्याच हाताखाली कर्व्यांनी १९१४पर्यंत काम केलं. मोठेपणा कोणाचा म्हणावा? मला तर दोघांचाही वाटतो.

एक गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. १९०५मध्ये विदेशी कपड्यांची होळी केल्याबद्दल परांजप्यांनी विद्यार्थी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. ते नेमस्त होते, सरकारी रोषापासून संस्था वाचवणं त्यांना कर्तव्य वाटलं असेल. तरीही प्राचार्याने अशा वेळी मुलांच्या बाजूने उभं राहायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

आता मीही कॉलेजात शिकवतो. प्राचार्यांची खुर्ची कागदपत्रांत बुडालेली रोज पाहतो, तेव्हा कारभार सांभाळून गणित शिकवणाऱ्या परांजप्यांबद्दलचा आदर वाढत जातो. पुढे ते मंत्री झाले, लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त झाले. ती पदं मोठीच. पण माझं मन फर्ग्युसनच्या वर्षांपाशीच घुटमळतं.

आणि त्यांच्या लेकीपाशी. शकुंतलाबाई केंब्रिजलाच गणित शिकल्या आणि परतल्यावर संततिनियमनाच्या कामात पडल्या. त्या कामात त्यांच्या आधीपासून समाजाच्या शिव्या खात उभे होते त्याच धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव, र. धों. कर्वे. तेही गणिताचेच प्राध्यापक.