तुम्हीच लिहा काहीतरी

वेबसाइट करून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा दोन गोष्टी घेऊन येतो. एक, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून फिरून धुरकट झालेला लोगो. आणि दुसरं, एक वाक्य : "मजकुराचं काय, तुम्हीच लिहा की काहीतरी." उद्यमनगरातला फाउंड्रीवाला असो, गुजरीतला सराफ असो की राजारामपुरीतला दातांचा डॉक्टर, वाक्य बदलत नाही. यात आळस नसतो. वेबसाइट म्हणजे रंग, फिरते फोटो आणि त्यांच्या मधल्या जागेत काहीतरी अक्षरं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. कोल्हापुरात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथं आम्ही तिघं काम करतो आणि आमचा निम्मा वेळ या एका वाक्याशी झगडण्यात जातो.

फाउंड्रीचंच घ्या. ऑइल इंजिनांच्या काळापासून या शहराला ओतकामाची सवय आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गाड्यांचे, पंपांचे, व्हॉल्व्हचे सुटे भाग ओतले जातात. पण यातल्या कुठल्याही कारखान्याचं जुनं माहितीपत्रक उघडा, पहिलं वाक्य ठरलेलं : आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही. तडजोड करणारा तरी दुसरं काय छापणार? पुण्याच्या किंवा चाकणच्या कंपनीतला खरेदी अधिकारी हे वाक्य वाचतसुद्धा नाही. त्याच्या हातात एक ड्रॉइंग असतं आणि डोक्यात चार-पाच प्रश्न. ग्रे आयर्न करता की एसजी आयर्न? सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठं कास्टिंग किती किलोचं? महिन्याला किती टन? मशिनिंग स्वतःकडे की बाहेरून? स्पेक्ट्रोमीटर आहे का? आयएटीएफ 16949 प्रमाणपत्र आहे का? याची उत्तरं पहिल्या पानावर नसतील तर तो मागं फिरतो आणि पुढचा पत्ता उघडतो.

ही सगळी उत्तरं मालकांना तोंडपाठ असतात. पण लिहून द्या म्हटलं की म्हणतात, "ते काय लिहायचं मॅडम, फोन केला की सांगतोच की आपण." अडचण अशी की फोन करायचा की नाही, हे तो माणूस स्क्रीनवर बघूनच ठरवतो.

म्हणून मी मालकांना मजकूर मागणं बंद केलं. आता मी त्यांच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसते. सकाळी दहा ते दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत. लोक काय विचारतात, कुठल्या शब्दांत विचारतात, कुठलं उत्तर ऐकून "बरं, मग कळवतो" म्हणून फोन ठेवतात, सगळं वहीत उतरून घेते. वेबसाइटचं पहिलं पान त्या वहीतून निघतं. या बाईंना धंद्याची जितकी खडान्‌खडा माहिती असते, तितकी मालकांच्या परदेशात शिकून आलेल्या मुलालाही नसते, असं माझं मत आहे. आणि वेबसाइट ठरवायच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावत नाही.

मालकांसाठी एक प्रश्न राखून ठेवलेला असतो : हल्लीहल्ली कुठलं काम नाकारलंत? "तुमचं वैशिष्ट्य काय" असं विचारलं की माणूस छाती फुगवून माहितीपत्रकासारखा बोलायला लागतो. नाकारलेल्या कामाबद्दल मात्र खरं बोलतो. "अर्ध्या किलोच्या खालचं आम्ही घेत नाही, परवडत नाही." "पॅटर्न गिऱ्हाइकानं आणला तर करतो, आमच्याकडं पॅटर्न शॉप नाही." ही वाक्यं मी तशीच्या तशी पानावर टाकते. मालक दचकतात. आपण काय करत नाही हे कुणी जाहीर करतं का? मी म्हणते, करून बघा. नको असलेले फोन आधी कमी होतील.

अलीकडं या झगड्याला नवं वळण मिळालंय. आता काही मालक रिकाम्या हातानं येत नाहीत. चॅटजीपीटीकडून दोन पानं लिहून आणतात. व्याकरण चोख, भाषा गुळगुळीत, आणि कारखान्याचं नाव झाकलं तर ती राजकोटची फाउंड्री की कोइमतूरची, याचा पत्ता लागत नाही. यंत्राचा यात दोष नाही. त्याला फक्त नाव आणि धंदा सांगितला, तर ते तरी दुसरं काय लिहिणार? भट्टी कुठली आहे आणि पहाटेच्या पाळीत वाळूचा ओलावा कोण तपासतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मीही हे साधन वापरते. वहीतल्या नोंदी नीट लावायला, इंग्रजी सुधारायला फार उपयोगी. पण वही आधी लागते.

चपलांच्या धंद्यात प्रश्न निराळे. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी दिसणारी पायताणं दाखवली, त्यावर गदारोळ झाला, आणि इथल्या दुकानदारांना अचानक वेबसाइटची निकड वाटायला लागली. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन 2019 मध्येच मिळालं होतं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. पण मानांकन म्हणजे काय, ते कुणाला वापरता येतं, आपल्या चपलेला ते लागू आहे का, हे सांगणारा एक परिच्छेदही बहुतेकांच्या पानावर नव्हता. होतं काय, तर 'अस्सल' हा शब्द, पाच वेळा.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिलाई, पट्ट्यावरची वेणी, बाजूचे कान : हे सगळं कारागिराच्या हाताला माहीत असतं, त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. आणि मुंबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या गिऱ्हाइकाला पडलेला प्रश्न फारच साधा असतो : माझ्या पायाला बसेल का? कोल्हापुरी नवी असताना घट्ट असते, वापरून सैल होते. नंबराचे हिशेब प्रत्येक दुकानात थोडे वेगळे. त्यामुळं आम्ही नंबरांच्या तक्त्याऐवजी तळपायाची लांबी इंचांत मागायला सुरुवात केली. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ कशी मारायची, याचं एक चित्र टाकलं. परत येणारी पार्सलं त्या चित्रानं कमी केली. नव्या रंगसंगतीनं नाही, हे मी डिझायनर असून कबूल करते. फोटोंबद्दल एकच आग्रह धरला. चामड्याचा रंग दर जोडाला थोडा बदलतो, तो तसाच दिसू द्यायचा आणि खाली तसं लिहायचं. फोटो झळकवून सगळे जोड एकाच रंगाचे केले की गिऱ्हाईक घरी डबा उघडून म्हणतं, "हे ते नव्हे."

आता थोडं अक्षरांविषयी, कारण याबद्दल बोलणारे फार थोडे भेटतात. मराठीत वेबसाइट करायची म्हटली की जुना मजकूर बहुधा श्रीलिपीत टाइप केलेला मिळतो. तो उचलून ब्राउजरमध्ये टाकला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, कारण तो युनिकोड नसतो. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं शेवटी डोळ्यांनीच तपासावी लागतात. ते झालं की पुढची गंमत. इंग्रजीच्या सवयीनं शिकलेला डिझायनर मथळ्यातली अक्षरं ऐटीत लांब लांब करतो. इंग्रजीत ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि 'महालक्ष्मी'चे चार तुकडे वाऱ्यावर लटकतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं नाही, तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण "कायतरी परकं वाटतंय" एवढं ते बरोबर ओळखतं. 'एक टाइप' या फॉन्टकारांच्या 'मुक्त'सारखे चांगले फॉन्ट आज मोफत मिळतात. त्यामुळं वाईट मराठी दाखवायला आता खर्चाचं निमित्त उरलेलं नाही.

मार्केटिंगचं काम घेतो म्हटलं की मागणी येते ती एकच : "गुगलवर पहिल्या नंबरला आणा." गंमत म्हणजे बहुतेकांच्या स्वतःच्या मोबाइलवर ते आधीच पहिले दिसत असतात! दुकानात उभं राहून दुकान शोधलं, तर दुसरं काय दिसणार? आसपासची ठिकाणं दाखवताना गुगल तीन गोष्टी बघतं, असं त्यानं स्वतःच सांगितलंय : शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब, आणि तुम्ही किती परिचित. इचलकरंजीतल्या माणसाला दिसणारी यादी आणि महाद्वार रोडवरच्या माणसाला दिसणारी यादी एक नसते. नकाशातली ही जागा पैसे देऊन विकत मिळत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. "शंभर टक्के पहिला नंबर, लेखी हमी" असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

त्यापेक्षा नकाशावरच्या नोंदीत वेळ, सुट्टीचा वार आणि फोन नंबर बरोबर आहेत का, हे बघणं जास्त मोलाचं. हे काम इतकं क्षुल्लक दिसतं की त्याचे पैसे मागायला लाज वाटते. जुलै 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी बाजारपेठेत शिरलं. महामार्ग बंद झाला. तेव्हा आम्ही डिझाइन वगैरे बाजूला ठेवून दिवसभर एकच काम केलं : ज्यांची दुकानं पाण्याखाली होती त्यांच्या नोंदीवर 'तात्पुरते बंद' टाकायचं, आणि ज्यांचं गोदाम उंचावर होतं त्यांचा चालू नंबर वर आणायचा. औषधाच्या एका घाऊक दुकानदारानं नंतर सांगितलं की त्या आठवड्यात आलेले निम्मे फोन अनोळखी होते. त्या कामाचं बिल मी लावलं नाही. पण तोवर वर्षाच्या देखभालीचे पैसे द्यायला कुरकुरणारा तो माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून चेक घेऊन आला.

सणांच्या शुभेच्छांबद्दल फार लिहीत नाही. गुढीपाडव्यापासून दत्तजयंतीपर्यंत प्रत्येक सणाला मालकांचा फोटो, लोगो आणि 'हार्दिक शुभेच्छा'. या चित्रांनी आजवर एक तरी गिऱ्हाईक आणलं असेल, असं मला वाटत नाही. तरी आम्ही ती करतो. दिवाळीच्या आठवड्यात दुसरं काही करतच नाही. मालकांना पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकायला ती लागतात आणि आमचं घरभाडं त्यातून निघतं.

उधारीचंही थोडक्यात. निम्मे पैसे आधी, उरलेले वेबसाइट चालू होण्याआधी. "पेमेंट सोडतो" हे ऐकून काम सुरू करू नये, असं मी नव्यानं या धंद्यात उतरणाऱ्या मुलामुलींना सांगते. अठरा टक्के जीएसटी वेगळा, हे पहिल्याच कागदावर ठळक लिहावं. आणि "आमच्या पुतण्याला येतंय, तो पाच हजारांत करतोय" म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. पुतण्या बी.ई. होऊन पुण्याला नोकरीला लागला, की ते परत येतात.

तेव्हा मात्र एक गोष्ट हमखास निघते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे, हे मालकांना माहीत नसतं. पुतण्याच्या नाहीतर आधीच्या डिझायनरच्या ईमेलवर ते घेतलेलं असतं. त्याचा नंबर बदललेला असतो, मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या पेटीत पडून असते. मुदत संपल्यावर काही आठवडे दंड भरून ते सोडवता येतं. त्यानंतर जगातला कुणीही ते विकत घेऊ शकतो, आणि चाललेल्या दुकानाचं नाव म्हटलं की घेणारे टपलेलेच असतात. साइनबोर्डवर, बिलावर, गाडीच्या मागच्या काचेवर रंगवलेला पत्ता असा दुसऱ्याच्या हातात गेलेला मी पाहिलाय. तिथं आता जुगाराचं पान उघडतं.

तेव्हा वेबसाइट आमच्याकडून करा, दुसऱ्याकडून करा, नाहीतर पुतण्याकडून करा. डोमेन तुमच्या स्वतःच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर, तुमच्या नावावर घ्या आणि पासवर्ड घरच्या तिजोरीत ठेवा. आज ते कुणाच्या नावावर आहे हे ठाऊक नसेल, तर ज्यानं वेबसाइट केली त्याला आत्ताच फोन लावा.