शीत आणि भात

माझं माहेर सातारा, सासर डिचोली. लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, भाषेची काय अडचण येणार? सासूबाई रोज मराठी पेपर वाचतात, आरत्या-भजनं मराठीत, पेडण्याकडच्या दशावतारातले राजे-देवसुद्धा मराठीतच बोलतात. पण स्वयंपाकघरात सगळी कोकणी. पहिल्याच आठवड्यात मी "भात संपला" म्हटलं आणि सासूबाई दचकल्या. त्यांच्या लेखी भात म्हणजे शेतातला, न कांडलेला. ताटात असतं ते शीत!

१९८७ च्या कायद्यात कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली. त्यावरून काय काय झालं ते इथल्या जुन्या मंडळींना मी काय सांगणार! आमच्या घरातली वाटणी सोपी, चूल कोकणी आणि देव्हारा मराठी.

लेक दोन वर्षांची झाली तरी फारसं बोलेना. एका डॉक्टरांनी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा. कुठली, ते नाही सांगितलं. पण सासूबाईंनी मनाशी ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवसापासून नातीशी मराठी, तीही पेपरातली. "बाळ, तुझे जेवण झाले काय?" पोर नुसती त्यांच्या तोंडाकडे बघायची. आठवड्याभरात सासूबाईंचं तिच्याशी बोलणंच कमी झालं. मांडीवर घ्यायच्या, थोपटायच्या, पण गप्प. ते मला बघवेना.

मग मी कॅलेंडरच्या मागे पोरीचे शब्द लिहायला घेतले. पाणी, उदक. नको, नाका. भात, शीत. माऊ, माजर. आजीपाशी एक, माझ्यापाशी दुसरा. दवाखान्यात विचारले होते ते फक्त मराठी शब्द. दोन्ही मिळून मोजले तर एक्केचाळीस भरले! पुढे स्पीच थेरपिस्टनेही तेच सांगितलं, दोन भाषांच्या घरात दोन्हीकडचे शब्द एकत्र धरायचे, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. कान तेवढे तपासून घ्या म्हणाली. घेतले, ठणठणीत होते.

मी कॅलेंडर सासूबाईंपुढे ठेवलं. "आई, यातले निम्मे तुमचे आहेत." चष्मा लावून त्यांनी सगळे वाचले, मग आत बघून हाक मारली, "गो बाय, हांगा यो!"

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला जड गेली. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंग. माझ्या लेकीबद्दल सगळे "तें आयलें, तें न्हिदलें" म्हणायचे. मला वाटायचं, ही काय वस्तू आहे का? आता कानाला तेच गोड लागतं.

लेक आता तीन वर्षांची आहे. काल अंगणातून धावत आली, आजीला म्हणाली, "हांव आयलें!" मग माझ्याकडे वळून, "मी आले!" सासूबाई पेपर वाचत होत्या. मराठीच.