बांबूचं बर्थ सर्टिफिकेट

ऑनसाइट म्हणजे लंडन, असं माझ्या डोक्यात फिट्ट बसलं होतं. प्रत्यक्षात 2018 मध्ये मिळालं बर्मिंगहॅम. आणि बजेटमध्ये बसणारी खोली मिळाली लोकल लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर, रेडिचला. एकेकाळी जगभर शिवणाच्या सुया आणि मासेमारीचे गळ पाठवणारं हे गाव. आता इतकं शांत, की संध्याकाळी सातनंतर माझ्यासारख्या ठाणेकरणीच्या कानात दडेच बसायचे.

घरमालकीण 79 वर्षांच्या. तिकडच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचे, पण मनात कायम ‘आजी’च. एका शनिवारी आजींनी जिन्याखालच्या कपाटातून कापडी पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक बाहेर काढलं. फिशिंग रॉड. दोन तुकड्यांचा, जोडल्यावर दहा फुटी, जुन्या मधाच्या रंगाचा.

“माझ्या डॅडचा आहे,” आजी म्हणाल्या. “डॅड 1944 मध्ये युद्धात गेले. आता नातू अठरा वर्षांचा होतोय, त्याला देणार आहे. सोबत एक कार्ड ठेवायचंय, त्यावर रॉडचं वर्ष हवं. तू कम्प्युटरवाली ना, शोधून दे की.”

माझं आजोळ मालवणचं. मामा गरवायला जायचा तेव्हा बेटातला एक बांबू तोडायचा, दोरा आणि गरी बांधली की काम झालं. मोडली काठी तर दुसरी. तिचं वय कोण विचारतंय? पण वीकेंडला रेडिचमध्ये दुसरं करण्यासारखं होतं तरी काय! लागले मागे.

पहिला धक्का म्हणजे हा एक बांबू नव्हताच. याला म्हणतात स्प्लिट केन. बांबू उभा चिरायचा, त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासायच्या, टोकाकडे बारीक होत जाणाऱ्या. मग सहाही पट्ट्या चिकटवून षटकोनी काठी करायची. बांबूची ताकद सालीजवळच्या धाग्यांत असते, म्हणून साल बाहेरच्या बाजूला ठेवायची. व्हिक्टोरियन काळात यासाठी आपल्याकडून जाणारा ‘कलकत्ता केन’ वापरत. पुढे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगच्या ‘टोंकिन’ बांबूने त्याची सुट्टी केली. कलकत्त्याचं नाव ऐकून मला उगाच अभिमान वाटला. आजींचा रॉड टोंकिनचा निघाला. अभिमान गुंडाळून ठेवला.

दुसरा धडा असा, की रॉडचं वय शोधताना चेहऱ्यावर जायचं नाही. दोरा जायच्या कड्या, कॉर्कची मूठ, रंगीत दोऱ्याच्या गुंडाळ्या, हे सगळं बदलता येतं. आजींच्या रॉडच्या पहिल्या आणि शेवटच्या कडीत अकीक बसवलेला होता. मी उडालेच, म्हणजे अँटिकच की! पण अकीक युद्धाआधीच्या रॉडवर असतो तसा नंतरच्याही असतो. बनवणाऱ्याचं नाव असेल तर अर्धं काम होतं, कारण कंपन्यांचे शिक्के, पत्ते, नंबर वर्षांनुसार बदलत गेले. इथे नावच नव्हतं. मुठीच्या वर, वार्निशच्या खाली, काळ्या शाईत हाताने लिहिलेली दोनच अक्षरं आणि एक आकडा होता. ‘एमके फोर’, म्हणजे मार्क फोर.

मग गोंदाकडे वळले. जुन्या रॉडमध्ये पट्ट्या सरसाने चिकटवत. ओल लागली की सरस सुटणार, म्हणून काठीवर दर दोन-चार बोटांवर दोरा आवळून बांधत. युद्धाच्या काळात मॉस्किटो नावाची लाकडी विमानं चिकटवायला सिंथेटिक रेझिनचे गोंद वापरले गेले. असे ओल न लागणारे गोंद युद्धानंतर रॉड बनवणाऱ्यांच्याही हातात आले आणि मधल्या त्या गुंडाळ्यांची गरज उरली नाही. आजींच्या रॉडवर दोरा फक्त कड्यांपाशी आणि सांध्यापाशी होता. मधे काठी साफ गुळगुळीत. पूर्वी कधी गुंडाळ्या असल्याच्या खुणाही नाहीत.

तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

पुढच्या रविवारी रॉडचे फोटो घेऊन जुन्या सामानाच्या बाजारात गेले. तिथे फिशिंगचं सामान विकणारे एक काका बसायचे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि फोटो झूम करत म्हणाले, “मार्क फोर! म्हणजे रिचर्ड वॉकर.” या वॉकरने मोठ्या कार्प माशांसाठी 1950 च्या आसपास हे डिझाइन बसवलं. सप्टेंबर 1952 मध्ये रेडमायर तळ्यावर त्याने 44 पौंडांचा, म्हणजे तब्बल 20 किलोंचा कार्प पकडला. ब्रिटिश रेकॉर्ड! तो मासा जिवंत लंडनच्या झूमध्ये पोचला आणि ‘क्लॅरिसा’ म्हणून फेमस झाला. मग काय, सगळ्यांना मार्क फोर हवा. लंडनच्या ईलिंगमधली बी. जेम्स अँड सन कंपनी तो बनवून विकायची. ज्यांना विकत परवडत नव्हता ते घरीच बनवायचे, कारण रॉड कसा बनवायचा हे वॉकरने लिहूनच ठेवलं होतं.

“हा घरी बनवलेला आहे,” काका म्हणाले. “गुंडाळ्या बघ, थोड्या वरखाली आहेत. 1953-54 धर. बी. जेम्सचा असता तर चांगले पैसे आले असते. हा मात्र प्रेमाने बनवलाय.”

परतताना सगळा वेळ एकच हिशोब डोक्यात. डॅड गेले 1944 मध्ये. रॉड 1953 चा. आता त्या कार्डावर लिहू काय? ‘साधारण 1935’ लिहून टाकावं, असं दहा वेळा वाटलं. कोणाचं काय बिघडणार होतं? रात्री ठाण्याला फोन लावला. आई म्हणाली, “खोटं लिहू नकोस. पण खरं तोंडावर आपटूही नकोस. आधी त्यांना विचार, त्यांना काय आठवतंय ते.”

विचारलं. चहाचा कप हातात धरून आजी म्हणाल्या, “माझा पंधरावा वाढदिवस. आईच्या दुसऱ्या मिस्टरांनी आणून दिला. ते इथल्याच रॉडच्या कारखान्यात कामाला होते. म्हणाले, हा तुझ्या डॅडचा, माळ्यावर सापडला. मी फक्त नवीन वार्निश लावलंय. नुकतंच लावलं असणार, हाताला चिकटत होतं. अजून तो वास आठवतो.”

1939 चा जन्म. पंधरावा वाढदिवस म्हणजे 1954.

मी हळूहळू सगळं सांगितलं. दोरा, गोंद, वॉकर, मार्क फोर. आजी मधे एक शब्द बोलल्या नाहीत. मग रॉडचा वरचा तुकडा उचलून त्यांनी त्या वरखाली झालेल्या गुंडाळ्यांवरून अंगठा फिरवला.

“मी त्यांच्याशी धड बोलायचे नाही,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं एका घरात राहून नाही. त्यांनी गिफ्ट म्हणून दिला असता तर मी हातही लावला नसता. डॅडचा म्हणाले म्हणून घेतला. वापरायचा कसा ते त्यांनाच माहीत होतं, म्हणून दर रविवारी त्यांच्याबरोबर जावं लागायचं.” मग थोडं थांबून, “1981 मध्ये वारले. शेवटपर्यंत बोलले नाहीत.”

मी ‘सॉरी’ म्हटलं. आजींनी मान हलवली आणि किटली पुन्हा गॅसवर चढवली. त्या संध्याकाळी आम्ही टीव्ही लावला नाही.

आपण दिवसभर डेटा व्हेरिफाय करतो, पण कोणाच्या आयुष्यातलं एक वर्ष बदललं तर काय काय हलतं, ते त्या एक्सेल शीटवर कधी दिसत नाही. चार दिवस मी आजींच्या नजरेला नजर देत नव्हते. वाटायचं, गप्प बसायला हवं होतं.

पाचव्या दिवशी ऑफिसातून आले तर टेबलावर रॉड आणि शेजारी कार्ड. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘1953-54. तुझ्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने बनवलेला.’

मी आजींकडे बघितलं.

“कुठल्या पणजोबांनी, ते त्याला नदीवर सांगेन,” त्या म्हणाल्या. “आधी त्याला गळ बांधायला तर शिकवू दे.”