‘आणि’ या अव्ययाची किंमत

गेल्या दिवाळीच्या आधी शब्दकोशाखाली दाबून ठेवलेला एक कागद मला सापडला. वहीचे पान फाडून धाकट्या मुलीने त्यावर सुबक अक्षरांत मथळा लिहिला होता : ‘संगणक – रोजच्या कामासाठी आणि गेमिंगसाठी. मर्यादा 40,000.’ खाली सुट्या भागांची यादी आणि प्रत्येकापुढे अंदाजे किंमत. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माणसाची नजर किमतींच्या आधी उभयान्वयी अव्ययावर जावी, हे ओघानेच आले. वाक्य ‘रोजच्या कामासाठी’ या शब्दांवर थांबले असते, तर मी त्याच संध्याकाळी होकार दिला असता. त्या ‘आणि’ने मला तीन महिने अडवून धरले.

नवा संगणक लागणार याविषयी वाद नव्हता. आमचे यंत्र 2015 सालचे, नगरच्या एका दुकानात सुटे भाग जुळवून घेतलेले. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षाव्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. आमचा होता चौथ्या पिढीचा. (साहित्याच्या इतिहासात पिढ्या मोजण्याची आपली सवय इथेही उपयोगी पडावी, याची गंमत वाटली.) लिनक्स घालून ते यंत्र आणखी काही वर्षे चालवता आले असते, हेही खरे. पण माझी वीस वर्षांची टिपणे श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसला की ती टिपणे म्हणजे निरर्थक चिन्हांची ओळ. ती हळूहळू युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू असताना मला यंत्रणा बदलायची नव्हती.

माझ्या गरजा तरी कोणत्या? प्रश्नपत्रिका, टिपणे, स्कॅन केलेले जुने अंक वाचणे, अधूनमधून एखादे व्याख्यान ऐकणे. एका सहकाऱ्याने सुचवले, “कंपन्यांनी काढून टाकलेले रिफर्बिश्ड यंत्र घ्या, सर. निम्म्या पैशात काम होईल.” सल्ला उत्तम होता. आठव्या पिढीचा प्रोसेसर, त्यात एसएसडी, आणि माझे सारे आयुष्य त्यात मावून थोडी जागा उरली असती. मी तो निर्णय घरी जाहीर केला, तेव्हा मुलीने शांतपणे मला त्या यंत्राचे शरीरशास्त्र समजावले. कार्यालयांतली ही यंत्रे बहुधा बुटकी असतात. त्यांच्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचे ग्राफिक्स कार्ड बसत नाही, आणि एसएमपीएस इतका बेताचा असतो की बसले तरी त्याला वीज पुरत नाही. वर अनेक कंपन्या मदरबोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच मापाचे बनवतात, त्यामुळे बाजारातला दुसरा सहज लागत नाही. “म्हणजे पप्पा, ते तुमच्या कामासाठी आहे. माझ्यासाठी नाही.”

इथे मी बोललो ते आज लिहिताना संकोच वाटतो. मी म्हणालो, “खेळासाठी एवढे पैसे घालायचे का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “2015 ला दादासाठी घेतला, तेव्हा तुम्ही कशासाठी घेतला होता?”

शिक्षणासाठी. घरात, नातेवाइकांत, सोसायटीकडून कर्ज काढताना सर्वत्र आम्ही हाच शब्द वापरला होता. त्या यंत्रावर थोरला रात्र-रात्र खेळत असे, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. दार लोटलेले असे आणि फटीतून निळसर उजेड येई. तो आज पुण्यात बऱ्या नोकरीवर आहे, त्यामुळे त्या रात्रींचा हिशेब कोणी मागितला नाही. त्याने कधी ‘आणि’ लिहिले नाही. लिहिण्याची गरजच पडली नाही. हिने ते लिहिले. मुलीने खेळण्यासाठी उघडपणे काही मागावे, हे मला खटकले होते की खेळासाठी पैसे जाणार हे, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला नाही. आजही पूर्ण झाला आहे असे वाटत नाही.

दुसरा घाव अधिक वर्मी होता. माझी जुनी टिपणे युनिकोडमध्ये टाइप करण्याचे काम सुट्टीत तीच करते. “नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायाचं टिपण मीच टाइप केलंय,” ती म्हणाली. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि मागतात काय, तर एक खेळणे. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे. त्यातून नाट्यवेद निघतो, ज्यांना इतर वेद ऐकण्याची मुभा नव्हती त्यांच्यासाठीही खुला असलेला. हे मी किती वर्गांना किती वर्षे सांगितले असेल! हौझिंगाच्या ‘होमो लुडेन्स’चा (1938) दाखला देऊन संस्कृतीच्या मुळाशी क्रीडा आहे, हेही सांगितले. साहित्याला उपयुक्ततेच्या तराजूत घालू नका, असे विद्यार्थ्यांना बजावणारा मी घरात मात्र तोच तराजू हातात धरून बसलो होतो.

एका ज्येष्ठ स्नेह्यांचा आक्षेप निराळा होता. त्यांच्या लेखी गेमिंग म्हणजे जुगार. त्यांची भीती निराधार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेला ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा करावा लागला. ई-स्पोर्ट्स मात्र त्याच कायद्याने वेगळे काढून मान्य केले. एकाच शब्दाखाली किती भिन्न वस्तू राहतात!

हिला हवा होता तो खेळ तर पुण्यात घडलेला निघाला. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’, नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली प्रसिद्ध केलेला. सर्कशीत कसरती करणारी राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधत निघते. मैत्रिणीच्या घरी त्यातला काही भाग मी पाहिला. राजस्थानी वाड्यांचे सज्जे, पहाडी चित्रशैलीचे रंग, आणि कथा पुढे सरकते ती छायाबाहुल्यांतून. कथानक फार खोल नाही, लढायांत तोचतोचपणा आहे. पण निवेदनाची ती रीत पाहताना मला वर्गात घेऊन जाण्याजोगे काहीतरी सापडल्यासारखे झाले. आमच्या जुन्या यंत्रावर मात्र राजी पहिल्याच अंगणात अडखळत होती.

असो. आता किमतीकडे. मी तीन महिने लावले त्याचा दंड बाजाराने वसूल केला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदा-केंद्रांसाठी मेमरी चिपची मागणी इतकी वाढली की 2025 सरताना रॅमच्या किमती भडकल्या. डिसेंबरात तर मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा उद्योगच बंद करण्याचे जाहीर केले. तिच्या कागदावर दिवाळीपूर्वी लिहिलेला रॅमचा भाव जानेवारीत दुपटीच्याही पुढे गेला होता. ग्राफिक्स कार्ड यादीतून गेले ते माझ्या तत्त्वचिंतनामुळे. तिने तसे बोलून दाखवले नाही.

संक्रांतीच्या आधी आम्ही दोघे स्कूटरवरून नगरला गेलो. भिंगारहून शहरात जाताना भुईकोट किल्ला लागतो. 1942 नंतरच्या स्थानबद्धतेत नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे नगरकर प्रत्येक पाहुण्याला सांगतो. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहीत होते, चहाच्या प्याल्यावर, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर, आणि ती तिथून पाठवता येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. पाहुण्यांना मीही आजवर पहिलेच पुस्तक सांगत आलो आहे.

दुकानात मुलीनेच बोलणी केली. रायझन 5 5600जी हा प्रोसेसर. त्याच्यातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असते, म्हणून वेगळे कार्ड तूर्त नसले तरी चालते. मात्र हे ग्राफिक्स मुख्य रॅमच उसनी घेते, तेव्हा 16 जीबीची एकच पट्टी न घेता 8 जीबीच्या दोन घ्यायच्या, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती वाहते. दुकानदार एकच पट्टी पुढे करत होता, ती ठाम राहिली. काटकसर केली ती कॅबिनेटच्या दिखाऊ दिव्यांत. एसएमपीएस गरजेपेक्षा मोठा घेतला, उद्या कार्ड आले तर अडू नये म्हणून. मॉनिटर जुनाच ठेवला, तरी बिल मर्यादेच्या चार हजार वर गेले. ते मी दिले. दुकानदाराने पावतीवर काय लिहू म्हणून विचारले, “शिक्षणासाठी ना, सर?” पावतीवर तसे काही लिहायचे नसतेच, तो आपला बोलण्यासाठी बोलला. मी म्हणालो, “कामासाठी. आणि खेळण्यासाठी.”

यंत्र आता बैठकीच्या खोलीत आहे, आतल्या खोलीत नाही. हा आग्रह तिचा. कार्डाची खाच रिकामी आहे. चित्रांची प्रत थोडी उतरवून ठेवली की राजी न अडखळता धावते. परवा मला सत्रपरीक्षेची प्रश्नपत्रिका संपवायची होती, तर ती म्हणाली, “पप्पा, पाच मिनिटं.” मी शेजारी खुर्ची ओढली. वीस मिनिटांनी तिने माऊस आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवले. पहिल्याच उडीत राजी सज्जावरून खाली पडली.

“धावत येऊन उडी मारायची,” ती म्हणाली. “पुन्हा करा.”